शॉकअप कोणाले पाहिजे?

कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहितो. शिष्यवृत्ती अडली, लिही पत्रक. वसतिगृहाच्या टाकीत मेलेलं पाखरू निघालं, लिही पत्रक. संध्याकाळची बस बंद झाली आणि नांदुऱ्याला शिकणाऱ्या पोरींवर घरी बसायची पाळी आली, तेव्हा तर मी पत्रक लिहून स्वतःच भिंतीभिंतीला चिकटवलं होतं. पत्रकाचं एक शास्त्र असतं. पहिल्या ओळीत प्रश्न, मग संताप, शेवटी मागणी, आणि मागणीखाली सह्यांना जागा. सह्या मिळवणं आमच्याकडं सगळ्यात सोपं. पानटपरीवर कागद पुढं केला की माणूस मजकूर न वाचता पेन मागतो. लोक आपल्यामागं उभे आहेत, असं मला तेव्हा वाटायचं.

मग माझी ताई पुण्याहून आली. तिला सह्या नको होत्या, गिऱ्हाईक पाहिजे होते.

ताई म्हणजे माझ्या आत्याची मुलगी. आम्ही दोघंही पिंपळगाव राजाचे. पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईलच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. "गाडीखाली झोपणारी पोट्टी कोण करीन?" असं विचारणाऱ्या गावाला तिनं लग्न करून दाखवलं, आणि ते मोडल्यावर एकटीनं उभं राहूनही दाखवलं. पुण्यात एका छोट्या कारखान्यात ती शर्यतीच्या गाड्यांचे शॉकअप, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्या, जुळवायची. तिची मुलगी मात्र इथं, आत्याजवळ. पुण्यातल्या खोलीत पोरीला बघायला कोणी नाही आणि आत्याचं गाव काही सुटत नाही. म्हणून आई पुण्यात, लेक गावच्या शाळेत, आणि रोज संध्याकाळी मोबाईलवर "जेवली का? अभ्यास केला का?" हे किती वर्षं चालवायचं?

यातून सुटायची एक वाट ताईला दिसली होती. कारखान्याच्या मालकानं साध्या छोट्या गाडीसाठी वर-खाली करता येणारं सस्पेन्शन बनवायचं मनात घेतलं होतं. ताईनं त्यांना सांगितलं, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात या, तिथं याची खरी गरज आहे. मालक म्हणाले, गरज मला मान्य आहे, पण घेणारी माणसं दाखवा. पुरेशी माणसं निघाली तर त्या गाडीचे साचे बनवतो आणि बसवून देण्याचं काम नांदुऱ्यात तुमच्याकडं देतो. होळीनंतर मी स्वतः येऊन बघीन. नाही निघाली, तर तुमची इथली जागा तुमची आहेच.

म्हणजे सरळ हिशोब होता. गिऱ्हाईक मिळाले तर ताई नांदुऱ्यात दुकान टाकणार आणि रोज घरी पोरीजवळ येणार. नाही मिळाले तर परत पुणे.

तिनं आपल्या जुन्या गाडीला कारखान्यातला नमुन्याचा संच बसवून आणला होता. आमच्या अंगणात तिनं चाक काढून मला दाखवलं. शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले, त्यावर एक जाड चकती, आणि चकतीवर स्प्रिंग बसलेली. चकती पान्यानं वर फिरवली की गाडी उचलते, खाली फिरवली की बसते. वरच्या टोकाला एक छोटी खुंटी. ती फिरवली की गाडी नरम चालते नाहीतर कडक. मग तिनं मला आत बसवलं, मागं आत्या, ताईची पोरगी, शेजारची एक बाई, असे सगळे कोंबले आणि शाळेपुढच्या गतिरोधकावरून गाडी नेली.

हे गतिरोधक काय चीज आहे ते आमच्याकडं येऊन बघा. ते कोणतं खातं बांधत नाही, गाव बांधतं. कोणाची बकरी गाडीखाली आली की दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर उरलेल्या काँक्रीटचा एक बांध पडलेला असतो. चार माणसं बसलेली छोटी गाडी त्यावर पोटानं घासते. ऑइलचा चेंबर फुटून रस्ताभर काळं तेल सांडत गेलेल्या गाड्या मी मोजायच्या सोडून दिल्यात. ताईची गाडी मात्र त्यावरून मांजरीसारखी उतरली. आत्यानं खालून ठण्ण आवाज यायची वाट बघत डोळे मिटले होते. ते उघडून ती म्हणाली, "झालं का? गेलो आपण?"

मी पेटलो. म्हटलं, ताई, हे तर लोकं हातातून हिसकून घेतील!

"तुले पत्रक लिहिता येते ना?" ती म्हणाली. "मंग मले एक लिहून दे. साधं लिहिजो. काय वस्तू आहे, काय काम करते, कोणाले पाहिजे."

मी साधं लिहिलं नाही. साधं लिहायला मी काय पंचायतीचा नोटीस बोर्ड आहे? मी लिहिलं, 'किती दिवस कंबर मोडून घ्यायची?' मग खड्डे. मग गतिरोधक. मग गरोदर बायका, मणक्याचे पेशंट, फुटलेले चेंबर. मग 'आता बस्स!' आणि त्याखाली शॉकअपची माहिती. सगळ्यात शेवटी 'आम्ही खाली सही करणारे' आणि त्याखाली नाव, गाव, मोबाईल. गुलाबी कागदावर छापून आणलं. ताईनं वाचलं आणि कागद माझ्याकडं परत केला.

"हे मोर्च्याचं वाटून राह्यलं बे."

"लोकाइले असंच समजते, ताई. संतापल्याशिवाय आपल्याकडचा माणूस उठत नाही."

"मले उठायले नको आहेत ते. मले ते गाडी घेऊन यायले पाहिजेत."

मी म्हटलं, आधी उठतील, मग येतील. तिनं गठ्ठा गाडीत टाकला. छापून झालं होतं.

आम्ही फिरलो. नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगच्या फाटकापाशी उभे राहिलो, धान्याच्या अडतींवर गेलो. ताई गाडी उभी करायची, पाना काढायची, चकती फिरवून दाखवायची. बघायला गर्दी ही अशी! एक जण खाली वाकून बघायचा, त्याच्यामागं दहा वाकायचे. आणि एकाही माणसानं, लिहून घ्या, एकाही माणसानं नाही म्हटलं नाही.

जळगाव जामोदला बी-बियाण्याचं दुकान असलेले एक दादा होते. आम्ही गेल्याबरोबर त्यांनी चहा सांगितला. ताई बोलायला लागली तर हात वर करून म्हणाले, "बाई, तुम्ही सांगू नका. मले समजलं. लिहा माहं नाव."

ताई म्हणाली, "दादा, एकदा गाडीत बसून तं पाहा."

"बसाचं काय त्यात? आपली पोरगी एवढं करून राह्यली, आमी काय बसून पाहाव? लिहा. माह्या साडूचंही लिहा. त्याची गाडी तं लयच घासते."

"साडू कोठी राहतात?"

"तो अकोल्याले असते. पण लिहा, मी सांगतो त्याले."

एक हायस्कूलचे सर होते. त्यांनी पत्रक स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं, 'आता बस्स'ला टेबलावर हात आपटला आणि सगळ्या स्टाफच्या सह्या घेऊन दिल्या. त्यातल्या एका बाईंनी हळूच म्हटलं, "पण माझ्याकडं गाडी नाही." सर म्हणाले, "बाई, पाठिंबा तर आहे ना?" बाईंनी सही केली.

कोणी विचारायचं, एव्हरेज कमी होईल का? कोणी विचारायचं, आरटीओवाले धरतील का? ताईला असे प्रश्न आवडायचे. ती उभी राहून, पान्यानं दाखवत, नीट उत्तर द्यायची. कोणत्या बदलाला कुठं मंजुरी लागते तेही लपवत नव्हती. पण प्रश्न विचारणारे थोडे. बाकीचे सगळे एकदम तयार. "हाव." "हाव ना." "काऊन नाही? लिहा." परत येताना मी पुढच्या सीटवर सह्यांचे कागद मांडीवर ठेवून गाणी म्हणत असायचो. ताई गाडी चालवायची.

एकदा म्हणाली, "ज्याले वस्तू घ्यायची असते तो भाव करते. एकानंही भाव केला नाही."

मी म्हटलं, विश्वास आहे लोकांचा. ती माझ्याकडं बघून परत रस्त्याकडं बघायला लागली.

मी पुण्याला मालकांना फोन लावला. माणूस चांगला, बोलणं मऊ. मी आकडा सांगितला तर खूश झाले. "अरे वा. छानच प्रतिसाद आहे. आता एक करा, यातले कोण कोण गाडी घेऊन येतील तेवढं विचारून ठेवा. मी एका रविवारी येतो, दिवसभर थांबतो. प्रत्येकाच्या गाडीची मापं घेऊ, कोणाला केवढी उंची हवी ते बघू. तुमच्या सह्या मला नकोत हो, मला गाड्या दाखवा."

मी म्हटलं, गाड्यांची रांग दाखवतो. आणि आत्याच्या ओसरीवर बसून ताई आणि मी फोन लावायला लागलो.

त्या दुपारी माझं डोकं फिरलं.

पहिल्या माणसानं विचारलं, "हाव हाव, आठवते ना. मंग रस्त्याचं काय झालं?"

"रस्त्याचं नाही दादा, शॉकअपचं."

"तेच ते. निवेदन दिलं का वरतं?"

दुसऱ्यानं विचारलं, अनुदान किती टक्के आहे? तिसरा म्हणाला, आधारची झेरॉक्स आणली आहे, सातबारा लागेल का? चौथा म्हणाला, आमच्या गावातून अजून सह्या पाहिजेत तर कागद पाठवा. एक जण तर माझ्यावरच चिडला. "काबे, तुमच्या मांगं आमी सही केली, अन् तुमी आमाले वस्तू विकून राह्यले?"

ताईनं स्पीकर चालू ठेवला होता. प्रत्येक उत्तरानंतर ती माझ्याकडं बघायची. शेवटी तिनं मोबाईल पालथा ठेवला.

"म्या तुले सांगतलं होतं का नव्हतं? साधं लिही म्हणून?"

"लोकं वाचत नाहीत त्याले मी काय करू?"

"काऊन वाचतील? तुहा कागद आला म्हणजे त्याइले ठाऊकच असते का सही करा लागते. तू तसंच शिकवलं त्याइले."

मला फार लागलं. मी काय शिकवलं? आमच्याकडं कागद घेऊन आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत, ही रीत माझ्या जन्माआधीची आहे. चहा पाजतात, सही देतात, साडूचीही देतात. त्यात कोणी खोटं बोलत नसतं. सही म्हणजे 'तुझ्याशी आमचं वाकडं नाही' एवढाच मजकूर. त्याच्यावरचा मजकूर तुमचा तुम्ही काहीही लिहा! मी ओरडलो, की असल्या लोकांसाठी मरमर करायचीच कशाला? ज्याला हवं त्यानं हवं म्हणावं, नको त्यानं नको म्हणावं, यात अवघड काय आहे?

आत्या तूर निवडत होती. ती म्हणाली, "असं कसं बापू तोंडावर नाही म्हणाव? घरी आलेल्या माणसाले?"

"मंग खोटं हाव म्हणाव का?"

"खोटं काऊन? चांगल्या मनानं म्हणतात बिचारे."

या चांगल्या मनाचा मला तेव्हा इतका राग आला होता, की तिच्या हातातलं सूप हिसकून फेकावं असं वाटलं. ताईची पोरगी दारात उभी राहून आमच्याकडं बघत होती. तिनं विचारलं, "मामा, मंग आईचं दुकान होईन का नाही?"

तरी आम्ही उरलेले फोन केले. या वेळी ताई स्वतः बोलली. निवेदन नाही, अनुदान नाही, वस्तू आहे, विकत आहे, रविवारी गाडी घेऊन यायचं आहे. असं दोनदोनदा सांगितलं. आणि बघा, एकूण एक म्हणाले, हाव, येतो. सरांनी तर सांगितलं, "काळजी करू नका. कार्यक्रम पडू देणार नाही."

कार्यक्रम! तो शब्द ऐकून मला तेव्हाच समजायला हवं होतं.

रविवार आला. धान्य बाजाराच्या मागं एक रिकामं पटांगण आहे, ते आम्ही मागून घेतलं होतं. मालक सकाळच्या गाडीनं नांदुऱ्याला उतरले. सोबत मापाची पट्टी, गाडी वर चढवायच्या उतरत्या लोखंडी पाट्या, जॅक. ताईनं चुन्यानं रेघा मारून गाड्यांच्या जागा आखल्या होत्या. आम्ही उभे राहिलो.

आणि लोक आले की हो! कोण म्हणतो आले नाहीत? मोटारसायकलींवर आले, ऑटोतून आले, एका जीपमधून तर दाटीवाटीनं आले. चुन्याच्या रेघांवरून मोटारसायकली गेल्या आणि रेघा पुसल्या. छोटी गाडी एकही नाही. जळगाव जामोदचे दुकानवाले दादा भाच्याच्या मोटारसायकलवर मागं बसून आले, मांडीवर नारळ आणि शाल घेऊन. उतरल्याबरोबर म्हणाले, "पाहुणे कोठी आहेत?"

"दादा, तुमची गाडी?"

"गाडी घरी आहे ना. आज रविवार. पोरं घेऊन गेले असतील कुठी. आधी सत्कार उरकून घेऊ."

मालकांना एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. ते शाल सावरत विचारत होते, "गाड्या कुठं आहेत?" आणि त्यांच्यापुढं सर उभे राहून बोलायला लागले होते. "पुण्यासारख्या शहरातून आपल्या मागास भागाकडं कोणाचं तरी लक्ष गेलं..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी पुन्हा विचारलं, "पण गाडी कुणी आणली आहे का?" सर म्हणाले, "येतील, येतील." आणि पुढं बोलत राहिले. ताई जॅकजवळ उभी होती. तिच्या कामाच्या जाड मोज्यांची एक जोडी हातात होती, एक कमरेला खोवलेली. मालकांसोबत मदतीला कोणी आलं तर असावी, म्हणून तिनं जादाची आणली होती.

माझ्यानं राहवलं नाही. मी सरांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. भाषणं मी खूप केली आहेत, पण ते भाषण नव्हतं. मी म्हटलं, "सर, थांबा. मले एक सांगा, तुमी सगळे. हे शॉकअप कोणाले पाहिजे? ज्याले पाहिजे त्यानं गाडी आनाव. ज्याले नाही पाहिजे त्यानं नाही म्हणाव. तोंडानं. आत्ताच्या आत्ता. नाही म्हणल्यानं मी मरत नाही, ताई मरत नाही. हाव म्हणून म्हणून तुमी मारून राह्यले आमाले!"

कोणी टोपी काढली, कोणी घातली. दादा नारळाच्या रिकाम्या पिशवीकडं बघत होते. मग मागून एक बाई पुढं आल्या. तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टर होत्या. त्यांनी फोनवर हाव म्हटलं होतं ते मला आवाजावरून कळलं.

"मले नाही पाहिजे," त्या म्हणाल्या.

मालक खुर्चीतून उठले. शाल तशीच. "काय कारण, बाई? मोकळेपणानं सांगा."

"कारण का, गाडी माही कर्जाची आहे. अजून वॉरंटीत आहे. तुमचं बसवलं अन् उद्या काही झालं तं शोरूमवाले म्हणतील, बाहेरून काऊन खोललं? अन् गतिरोधक आला का मी सगळ्याइले उतरवतो खाली. गाडी पुढं नेतो, ते पायी येतात, मंग बसतात. फुकटात काम होते."

कोणीतरी हसलं. मग एक जण म्हणाला, माझंही तेच. दुसरा म्हणाला, मी वेल्डिंगवाल्याकडून खालून पत्रा ठोकून घेतला, आवाज येतो पण चेंबर वाचतो. तिसऱ्याची गाडी फक्त लग्नसराईत बाहेर निघत होती. एक जण ती विकून मोठी घेणार होता. जळगावचे दादा शेवटी बोलले, "खरं सांगू का बाई, गाडी जावयानं घेऊन देल्ली. त्याले न विचारता मी तिले हात नाही लावू शकत."

"मंग दादा, नाव काऊन लिहिलं?" ताईनं विचारलं. आवाज चढवला नाही.

"तुमी चहा पिऊन जाऊन राह्यले होते. तसंच कसं पाठवाव?"

आणि एकदा नाही म्हणायची वाट मोकळी झाली तर माणसं हलकी होऊन बोलायला लागली. कधी नव्हे ते खरं बोलत होती. घासते कधी, कुठं, किती माणसं बसल्यावर, दुरुस्तीला कुठं नेतात, कोणाचं ऐकून. मालक प्रश्न विचारत होते, ताई उभ्याउभ्या ऐकत होती आणि मधेच एखाद्याला पुन्हा विचारत होती. मला मात्र ऐकवत नव्हतं. ही सगळी माहिती यांच्या पोटात पहिल्या दिवसापासून होती! एवढे दिवस आम्ही गल्लोगल्ली फिरलो, तेव्हा हे कुठं होतं? तिथं एक चार पोरांचा घोळका होता, त्यांना संच पाहिजे होता, गाडी जमिनीला टेकवून फिरवायला. चौघांत मिळून एक गाडी होती, आणि तीही त्यांच्यापैकी एकाच्या बापाची.

जेवणं झाली. जेवण सरांनी ठेवलं होतं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, झकास. त्यातही त्यांनी काही कमी पडू दिलं नाही.

दुपारी मालकांना स्टेशनवर सोडताना ते ताईला म्हणाले, "तुमचा अंदाज चुकीचा नव्हता. त्रास आहे, खराच आहे. पण त्रास असणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो. साचे मी बनवत नाही आता. तुम्ही पुढच्या आठवड्यात या, घाई नाही." मग माझ्याकडं वळले. मला वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त नारळ माझ्या हातात दिला. "घरी द्या."

परत येताना मी खूप बोललो. या जिल्ह्याचं काही होणार नाही, हे लोक असेच राहणार, यांना खड्डेच पाहिजेत, सगळं. ताई गाडी चालवत होती.

"झालं तुहं?" ती म्हणाली. "मले राग लोकाइचा नाही. मले राग याचा आहे का मले पहिल्याच दिवशी समजलं होतं, कोणी भाव केला नाही तेव्हाच. अन् म्या सोतालेच हाव म्हणत ठेवलं."

दुसऱ्या दिवशी ती सामान बांधायला बसली. पोरगी शाळेत गेली होती. मी दारात बसलो होतो, आत्या चुलीपाशी. ताईनं पिशवीची चेन लावली आणि न बघता विचारलं, "आई, मी या वेळी दोन खोल्यांचं घर पाहतो. तू अन् पोट्टी दोघी चला माह्यासंगं. कायमच्या. येतं ना?"

"येईन ना," आत्या म्हणाली. "काऊन नाही?"

मी मान वर केली. ताईचेही हात थांबले होते. मागच्या दिवाळीलाही तिनं हेच विचारलं होतं आणि आत्या हेच म्हणाली होती; त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातही. ताईनं मोबाईल काढला, आत्याच्या समोर पाट ओढून बसली आणि स्क्रीन तिच्याकडं केली.

"हे पाहा. उन्हाळ्याच्या सुट्टीचं तिकीट. नांदुरा ते पुणे. पोट्टीचं नाव लिहिलं. आता तुहं नाव लिहून राह्यली. लिहू?"

आत्या चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत राहिली.

"लिहू का, आई?"

"थांब," आत्या म्हणाली. "नको लिहू. मी नाही येत. मले नाही जमत तठी. घर, ही गल्ली, तुह्या बापाची... नाही जमत बाई मले."

"मंग एवढे वर्षं काऊन म्हणत होती येईन म्हणून?"

"तुले वाईट वाटलं असतं."

ताई रडली नाही. मला वाटतं तिला बरं वाटलं असावं, पण मी तिला विचारलं नाही, आणि मला तर काहीच बरं वाटलं नाही. तिनं आत्याच्या नावाची जागा काढून टाकली आणि पोरीच्या तिकिटाचे पैसे भरले. मग पुण्यातल्या तिच्या एका मैत्रिणीला फोन लावला. खोलीजवळ पोरीला शाळेनंतर बघणारी कोणी बाई आहे का, दिवसाचं किती घेते, जेवण देते का, सुट्टीच्या दिवशीही सांभाळते का, असं एकेक विचारत राहिली. भाव करत होती.